जुनी नोंद न पुसणारी आज्ञावली

तळोजा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसारख्या रसायननिर्मिती उद्योगांत कच्च्या मालाच्या साठ्याचा हिशेब आता संगणकावर ठेवला जातो. साठ्यात ५०० किलो माल असताना दोन विभागांनी एकाच क्षणी अनुक्रमे २०० व १०० किलोची उचल नोंदविली, तर शिल्लक २०० किलो दिसावयास हवी. मात्र दोन्ही वेळा मूळ आकडा ५०० असाच वाचला गेल्यास नंतरची नोंद आधीची पुसते आणि संगणक ३०० किंवा ४०० किलो दाखवितो.

असे दोष टाळण्यासाठी फंक्शनल प्रोग्रामिंग ही पद्धती उपयुक्त ठरते. नेहमीच्या पद्धतीत आज्ञावली स्मृतीतील मूल्ये वारंवार बदलते. या पद्धतीत एकदा ठरलेले मूल्य बदलत नाही, प्रत्येक क्रियेतून नवे मूल्य तयार होते. दोन्ही उचली स्वतंत्र नोंदी म्हणून राहतात व शिल्लक त्यांच्यावरून काढली जाते. समान माहिती दिल्यास उत्तरही समानच येत असल्याने चाचणी सोपी होते. उपलब्ध साठ्याहून अधिक उचल रोखण्याची व्यवस्था मात्र स्वतंत्रपणे करावीच लागते.

या विचाराचा उगम जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये आखलेल्या लिस्प भाषेपर्यंत मागे जातो. पुढे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने दूरध्वनी यंत्रणांसाठी अर्लांग ही भाषा विकसित केली. व्हॉट्सअ‍ॅपची सेवा याच भाषेवर उभी राहिली. फेसबुकने २०१४मध्ये ही कंपनी घेतली, तेव्हा तिचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंते पन्नासही नव्हते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याचे आहे. मोबाइल अ‍ॅपमधून ग्राहकसेवा पुरविणाऱ्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपल्या प्रणालीसाठी क्लोजर भाषा निवडली. रिच हिकी यांनी २००७मध्ये सादर केलेली ही भाषा जावाच्या यंत्रणेवरच चालते. त्यामुळे जावातील तयार साहित्य वापरता येते. हेल्पशिफ्ट २०२२मध्ये कीवर्ड्स स्टुडिओज या कंपनीने विकत घेतली. बंगळुरूच्या जसपे कंपनीने ऑनलाइन देयकांच्या व्यवहारांसाठी हास्केल भाषेचा अवलंब केला आहे.

तरीही ही वाट प्रत्येकास परवडणारी नाही. जावा जाणणारे अभियंते सहज मिळतात, तर क्लोजर वा हास्केलचे जाणकार मोजके आहेत. कारखान्यांसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या लहान कंपनीत अशी भाषा एकाच अभियंत्यास येत असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर ग्राहकाची प्रणाली दुरुस्तीविना पडून राहण्याचा धोका असतो. नव्या अभियंत्याच्या प्रशिक्षणाचा कालावधीही खर्चात धरावा लागतो.

म्हणूनच मधला मार्ग व्यवहार्य ठरतो. २०१४मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीपासून फंक्शनल शैलीच्या अनेक सोयी त्या भाषेतच उपलब्ध आहेत. हिशेबाचा गाभा न बदलणाऱ्या मूल्यांवर रचावा आणि डेटाबेस, छपाई, जाळ्यावरील देवाणघेवाण अशी बाह्य कामे कडेला ठेवावीत. ही शिस्त अंगवळणी पडल्यावर, एकाच वेळी असंख्य व्यवहार होणारा एखादा छोटा विभाग नव्या भाषेत लिहून पाहावा. किमान दोघा-तिघांना ती भाषा अवगत झाल्याखेरीज संपूर्ण प्रकल्प तिच्यावर सोपविणे हिताचे नाही.