तिसऱ्या दिवशीचा अर्ज

कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ बेटाजवळ नांगरलेली ‘कन्सेप्शन’ ही स्कूबा डायव्हिंगची बोट २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पेटली आणि ३४ माणसं गेली. त्यांत आपल्या नागपूरची एक लेक आणि तिचा नवरा होते. तिसऱ्या दिवशी, एक मृतदेह अजून सापडायचा होता तेव्हा, बोटीच्या मालकांनी लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात अर्ज केला: आमची जबाबदारी बोटीच्या सध्याच्या किमतीपुरतीच धरावी. जळून बुडालेल्या बोटीची सध्याची किंमत शून्य होती.

मुंबईत फोर्टमध्ये मी जहाजांच्या दाव्यांची वकिली करते. हा अर्ज कुठल्या कायद्याखाली आला ते बातमी वाचताना लगेच कळलं. माल बुडाला की जहाजमालकाने जबाबदारीला मर्यादा घालून मागायची, ही आमच्याकडची नेहमीची पद्धत. समोर बहुतेक वेळा विमा कंपनी असते, भांडण आकड्यांचं असतं, आणि तेवढ्यापुरती ही तरतूद मला मान्य आहे. पण सुट्टीत मासे बघायला गेलेल्या माणसांच्या आईवडिलांना हीच नोटीस जावी, हे मला आजही सहन होत नाही.

या कायद्याचं मूळ सोन्या-चांदीच्या पेट्यांत आहे. ‘लेक्सिंग्टन’ नावाची आगबोट १३ जानेवारी १८४० रोजी न्यूयॉर्कहून कनेक्टिकटमधल्या स्टोनिंग्टनला निघाली. धुराड्याच्या बाजूला कापसाच्या गाठी रचल्या होत्या, त्यांनी पेट घेतला. बोट थांबवता येईना; चालत्या बोटीवरून उतरवलेल्या होड्या उलटल्या. गोठवणाऱ्या थंडीत सुमारे १४० माणसं मेली, चार वाचली. त्यांतला एक अधिकारी कापसाच्या गाठीला धरून ४३ तास पाण्यात होता. बोटीबरोबर बोस्टनच्या मर्चंट्स बँकेची सुमारे १८,००० डॉलरची नाणीही तळाला गेली.

कायद्याच्या इतिहासात गाजला तो बँकेचा दावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४८ मध्ये निकाल दिला, की आगबोट कंपनीने बँकेचे पैसे भरून द्यावेत. जहाजमालक हादरले. इंग्लंडने आपल्या मालकांना अठराव्या शतकातच संरक्षण दिलं होतं. आम्हालाही द्या, नाहीतर या धंद्यात पैसा कोण घालणार, असा त्यांचा धोशा सुरू झाला. ३ मार्च १८५१ रोजी कायदा झाला: मालकाला ज्याची कल्पना नव्हती आणि ज्यात त्याचा हात नव्हता अशा अपघातात त्याची जबाबदारी जहाज आणि त्या फेरीचं भाडं एवढ्यापुरतीच. त्या काळात यात तथ्य होतं. जहाज चीनच्या किनाऱ्यावर आणि मालक बोस्टनला. पत्र पोचायला महिने लागायचे. कप्तानाने रात्री काय केलं हे मालकाला कळणार कसं?

पुढे ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा तिच्या ब्रिटिश मालकांनीही हाच अमेरिकी कायदा पुढे केला आणि १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांना लागू धरला. उरल्या होत्या त्या न्यूयॉर्कला आणलेल्या जीवरक्षक होड्या. त्यांची किंमत आणि तिकिटांचे पैसे मिळून एक लाख डॉलरसुद्धा होत नव्हते. अखेर १९१६ मध्ये ६,६४,००० डॉलरवर तडजोड झाली. १९३४ च्या ‘मॉरो कॅसल’ या जहाजाच्या आगीनंतर मोठ्या सागरी जहाजांना मृत्यूंच्या भरपाईसाठी टनामागे ठरावीक रक्कम ठेवणं भाग पडलं.

‘कन्सेप्शन’चा मालक मात्र काही सातासमुद्रापार नव्हता. ७५ फुटांची ती लाकडी बोट १९८१ ची, तिचं बंदर सांता बार्बरा, मालकाचा कारभार तिथूनच चाले. प्रवासी खाली, एकावर एक बसवलेल्या बंकांत झोपत. तिथून वर यायला पुढच्या बाजूला जिना आणि मागच्या बाजूला, एका बंकाच्या वर, बाहेर पडायची झडप. दोन्ही वाटा एकाच खोलीत उघडत, जेवणाच्या हॉलमध्ये, आणि आग त्याच हॉलमध्ये होती. रात्री एकाने जागं राहून फेरी मारावी ही परवान्यातलीच अट होती. त्या रात्री जागं कुणीच नव्हतं. मालकांची देखरेखच नव्हती, असा ठपका अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २०२० मध्ये ठेवला. कप्तानाला १८३८ च्या आगबोटींच्या कायद्यातून आलेल्या कलमाखाली २०२३ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि २०२४ मध्ये चार वर्षांची कैद झाली.

मग तो अर्ज टिकला असता का, असं कुणी विचारेल. मालकाला कल्पना होती हे सिद्ध झालं तर ढाल गळून पडते. पण अर्ज दाखल झाल्याबरोबर बाकीचे दावे थांबतात, सगळ्यांना एकाच कोर्टात यावं लागतं, आणि मर्यादेचा मुद्दा ज्यूरीविना, एकटे न्यायाधीश ऐकतात. चिता विझायच्या आधी दावेदारांना तारखांच्या मागे लागावं लागतं. माझ्या मते मालकाचा खरा फायदा इथेच आहे.

मृतांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. त्या भागाचे लोकप्रतिनिधी सालुद कार्बाहाल यांनी विधेयक लावून धरलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये छोट्या प्रवासी बोटींना १८५१ च्या ढालीतून वगळण्यात आलं. दावा करायची मुदतही सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर गेली. ‘कन्सेप्शन’च्या माणसांना त्याचा उपयोग नाही, कायदा पुढच्या अपघातांसाठी आहे.

मालकाच्या हातात दुसरी ढाल मात्र आहे, सही करून घेतलेला कागद. मालवणला मी डायव्हिंगला जाते तेव्हा होडीत चढताना हमीपत्र पुढे येतं. “काय नाय, सही करा फक्त,” म्हणत पोरगा पेन देतो, आणि अंगात सूट चढवता चढवता लोक सही करतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले, तरी हे चाललंच आहे. अमेरिकेत असा कागद प्रवासी जहाजांच्या बाबतीत कायद्याने रद्द ठरतो. ती तरतूद ‘मॉरो कॅसल’नंतरची, १९३६ ची. पण २०२४ च्या फेब्रुवारीत, हवाईतल्या माउई बेटावरून मोलोकिनीला गेलेल्या एका बोटीच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने म्हटलं, की ही मनाई एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेणाऱ्या जहाजांना आहे. डायव्हिंगची बोट निघाली त्याच बंदरात परतते, म्हणून तिला ती लागू नाही. डायव्हिंगची जवळपास प्रत्येक बोट निघाली तिथेच परतते. २०२२ मध्ये नातेवाइकांनी जे दार बंद करून घेतलं, त्याच्या शेजारचं हे दार अमेरिकी संसदेने अजून बंद केलेलं नाही.