पूर आला, म्हणजे पाऊस पडला?

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं की, गावात ऊन असलं तरी नदी चढू शकते. पाऊस कोसळतो महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरांत, पाणी येतं भिलवडी-आमणापूरला.

बारावीच्या गणितातलं तर्कशास्त्र इथूनच सुरू करता येईल. ‘जर डोंगरात धो धो पाऊस झाला, तर कृष्णा फुगते’ हे जर-तर विधान. ते उलटवलं की व्यत्यास मिळतो : ‘जर कृष्णा फुगली, तर डोंगरात पाऊस झाला.’ पहिलं खरं आहे म्हणून दुसरं आपोआप खरं ठरत नाही. दोन्ही खरी असली, तरच ‘जर आणि तरच’ म्हणता येतं.

गंमत म्हणजे आपल्या न्यायशास्त्रात नेमका नदीवरूनच हा वाद झाला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांवर वात्स्यायनाने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भाष्य लिहिलं. भरलेली नदी पाहून वरच्या अंगाला पाऊस झाल्याचं ओळखणं, हे त्यातलं अनुमानाचं उदाहरण. त्यावर आक्षेप सूत्रांतच आहे : पाणी अडलं तरी नदी भरतेच की! उत्तर असं, की पावसाच्या पुराची ओळख वेगळी : धारेचा वेग, भरपूर फेस, वाहत येणारी फळं, पानं, लाकडं. म्हणजे निष्कर्ष सोडला नाही, खूण नेमकी केली.

पुढच्या नैयायिकांनी धूर आणि अग्नी घेतले. धूर असेल तिथे अग्नी असतो. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. तिथल्या कामगाराला हे समजावावं लागणार नाही. एकाच दिशेने चालणारा असा संबंध म्हणजे विषमव्याप्ती, दोन्ही दिशांनी चालणारा म्हणजे समव्याप्ती.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळला गावाबाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली, माणसं गेली. पूर ओसरला की दरवेळी ‘अलमट्टीमुळेच’ असं ऐकू येतं. अलमट्टीला पाणी अडलं तर इथे फुगवटा येतो, हे वादापुरतं मान्य केलं तरी ‘पूर आला म्हणजे कारण अलमट्टीच’ हे वेगळं विधान आहे, त्याला पुरावाही वेगळा लागेल. आणि ‘पाऊस फार झाला’ एवढ्यानेच धरणाचा काही हात नव्हता, हेही सिद्ध होत नाही.

सगळ्यांत धोक्याचं वाक्य मात्र साधं असतं : ‘आपल्याकडे कुठे पाऊस आहे? मग पूर कसा येईल?’ ‘पाऊस पडला तर पूर येतो’ यावरून ‘पाऊस नाही तर पूर नाही’ असं निघत नाही. कृष्णाकाठी हे पेपरात चुकलं तर गुण जातात. घरात बसून चुकलं, तर पाणी उंबऱ्याशी आलेलं असतं.