जुनं किती, नवं किती? सिंफनी वाद्यवृंदाच्या हंगामाचा इतिहास

आजचा आपला विषय आहे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा सीझन, म्हणजे वर्षभराच्या मैफलींचा हंगाम. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीच्या मांडवासमोर हिंदी गाणी वाजवणारा संच डोळ्यांसमोर येतो. तो आज जरा बाजूला ठेवू. आपण बोलतोय ते समोर स्वरलिपी ठेवून वाजवणाऱ्या मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाबद्दल. अशा वाद्यवृंदाचं नव्या हंगामाचं पत्रक उघडलं की बीथोवन, ब्राम्स, चायकोव्हस्की ही नावं ठळक दिसतात. त्यांच्या मध्ये कुठेतरी, बहुतेक वेळा मध्यंतराआधी, एखाद्या हयात रचनाकाराची छोटी रचना असते. ही वाटणी आली कुठून? पहिल्यापासून अशीच होती का? तर नव्हती.

लाइपझिग या जर्मन शहरापासून सुरुवात करू. हे व्यापाऱ्यांचं शहर. सॅक्सनीचा दरबार होता ड्रेस्डेनला. त्यामुळे इथे संगीताला पैसा घातला तो शहरातल्या लोकांनी. १७४३ साली सोळा जणांनी मिळून सोळा वादकांचा खर्च उचलला. सरळ भाषेत सांगायचं तर वर्गणी काढली. १७८१ मध्ये या मैफली कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीतल्या नव्या सभागृहात गेल्या. त्या इमारतीवरूनच गेवांडहाउस हे नाव पडलं. हंगामाची कल्पना या वर्गणीला धरूनच आहे हे लक्षात घ्या. पैसे आधी, मैफली नंतर. श्रोता एका रचनेचं तिकीट घेत नाही, निवडणाऱ्यावर वर्षभरासाठी विश्वास टाकतो.

आता त्या काळात वाजत काय होतं? विल्यम वेबर या इतिहासकाराने जुनी कार्यक्रमपत्रकं घेऊन मोजदाद केली आहे. १७८२ च्या सुमारास लाइपझिगमध्ये वाजणाऱ्या रचनांपैकी सुमारे ८९ टक्के हयात रचनाकारांच्या होत्या. म्हणजे जवळजवळ सगळंच ‘समकालीन’! मोझार्ट १७८९ मध्ये स्वतः तिथे येऊन वाजवून गेला, तेव्हा तो चालू काळातला एक संगीतकारच होता. १८४५ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आलं आणि त्याच शतकात पुढे पाव हिश्श्यापर्यंत घसरलं.

एवढा उलटफेर का झाला? एक कारण म्हणजे बीथोवन. १८२७ मध्ये तो गेला, पण त्याच्या सिंफन्या वाजतच राहिल्या. दुसरं कारण मेंडेल्सोन. १८३५ मध्ये तो गेवांडहाउसचा संगीतसंचालक झाला आणि १८३८ मध्ये त्याने ‘ऐतिहासिक मैफली’ सुरू केल्या. बाख आणि हेंडेलपासून निघून काळाच्या क्रमाने पुढे यायचं, असा तो बेत होता. जुनं संगीत आवर्जून ऐकावं, ही सवय अशा प्रयत्नांतून लागली. पुढच्याच वर्षी शूमनला व्हिएन्नात शूबर्टच्या भावाकडे एका मोठ्या सिंफनीचं हस्तलिखित सापडलं. मार्च १८३९ मध्ये मेंडेल्सोनने ती वाजवली, तेव्हा शूबर्टला जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती. जुन्याची ओढ लागली नसती, तर ती आपल्यापर्यंत पोहोचली असती की नाही, कोण जाणे.

पण याची किंमत कोणी मोजली? जिवंत माणसांनी. जानेवारी १८५९ मध्ये पंचवीस वर्षांच्या ब्राम्सने आपला पहिला पियानो कंचेर्तो याच सभागृहात वाजवला आणि श्रोत्यांनी हिस्स-हिस्स करून त्याला हिणवलं. आज तीच रचना पत्रकावर आली की तिकिटं खपतात. म्हणजे ज्याला आपण निर्धास्तपणे ‘अभिजात’ म्हणतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी एकेकाळी धोका पत्करून हंगामात घातलेलं आहे.

पुढे काहींनी वेगळी चूल मांडली. १९१८ मध्ये शोनबर्गने व्हिएन्नात खाजगी मैफलींची संस्था काढली. नवीन संगीत, सभासदांपुरतं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, समीक्षकांना प्रवेश नाही, काय वाजणार ते आधी सांगायचं नाही. संगीताला न्याय मिळाला, पण सर्वसाधारण श्रोता बाहेरच राहिला. १९२१ मध्ये ती बंद पडली.

आपल्या ख्यालात हा प्रश्न असा उभा राहत नाही. बंदिश जुनी असली तरी गवई ती आज, आपल्यासमोर रचत असतो. लिहिलेल्या संगीताचं तसं नाही. नवीन रचना लिहून घ्यावी लागते, तालमींना वेळ द्यावा लागतो आणि पत्रकावर जागा द्यावी लागते.

मुंबईतलंच बघा. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चित्रपटांसाठी संगीत संयोजन करून पोट भरत होते. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवला आणि रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सादर केल्या. मागे वर्गणीदार नव्हते, कायमचा हंगाम नव्हता. प्रयोग टिकला नाही. पुढे ते अमेरिकेला गेले. आज बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक आहे ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे.

२००६ मध्ये एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला आणि नियमित हंगाम आले. त्यातूनच २०१५ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा ‘पेशकार’ हा कंचेर्तो सादर झाला, खास या वाद्यवृंदासाठी लिहून घेतलेला. गोन्साल्विसांना जे मिळालं नाही, ते या रचनेला मिळालं : संस्था, तालीम आणि पत्रकावर हक्काची जागा.

डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. वेबरच्या हिशेबात ‘पेशकार’ आता दिवंगतांच्या रकान्यात गेला. तो पुढेही ऐकू यायचा असेल, तर दुसऱ्या कुणा तबलजीला तो बसवावा लागेल आणि कुठल्यातरी वाद्यवृंदाला तो आपल्या हंगामात घ्यावा लागेल. आणि तो ऐकायला आपल्याला जावं लागेल. तेव्हा पुढच्या हंगामाचं पत्रक हातात आलं की मध्यंतरानंतरचा ब्राम्स जरूर बघा, पण त्याच्या आधी कोण आहे तेही वाचा, आणि वेळेवर पोहोचा.