गाडी जुनी, इंजिन कोणते?

इतिहासाच्या व्याख्यानात मोटारीच्या इंजिनाचे काय काम, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. प्रश्न वरवर पाहता वर्कशॉपमधला आहे खरा. अमेरिकेत १९६०च्या दशकातली एखादी दांडगी गाडी हाती आलेल्या गृहस्थापुढे तो आज उभा राहतो. तिचे मूळचे इंजिन दुरुस्त करून चालवावे, की ते उतरवून संगणकाच्या ताब्यात चालणारे नवे इंजिन बसवावे? एक पक्ष दुसऱ्याला भ्रष्ट ठरवितो, दुसरा पहिल्याच्या सोवळेपणाला हसतो. माझे म्हणणे एवढेच, की निकाल देण्यापूर्वी ‘मूळचे’ या शब्दाचीच झडती घेतली पाहिजे.

मसल कार म्हणजे काय? मध्यम आकाराच्या संसारी गाडीत थोरल्या गाडीचे अजस्र इंजिन. ही सोयरीक जुळली कशी ते पाहा. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा हुकूम दिला. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असाही कंपनीचा दंडक होता. पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डीलॉरीअन आपल्या सहकाऱ्यांसह टेम्पेस्ट गाडीची पाहणी करीत असता त्यांच्यातील बिल कॉलिन्स यांच्या ध्यानात आले, की तिचे ३२६ घनइंची इंजिन आणि थोरल्या पाँटिअॅकचे ३८९ घनइंची इंजिन बाहेरून एकाच मापाची आहेत. एकाच्या जागी दुसरे सहज बसते! मग दंडकाचे काय? तो नव्या मॉडेलला लागू होता, जादा सामानाला नव्हता. म्हणून १९६४ची जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हेच. टेम्पेस्टवर सुमारे ३०० डॉलर अधिक मोजून घ्यावयाचे ते ‘जादा सामान’ ठरले. कंपनीतील वरिष्ठांना ५,००० गाड्या खपल्या तरी पुष्कळ वाटत होते. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

म्हणजे जिच्या शुद्धतेसाठी आज भांडण चालते, तिचा जन्मच इंजिनबदलातून, आणि तोही आडवाटेने, झालेला आहे. ही विद्या कारखान्याने शोधली असेही नव्हे. फोर्डने १९३२ साली स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन आणले. कॅलिफोर्नियातील तरुणांनी ते जुन्या मॉडेल-ए गाड्यांत चढवून कोरड्या सरोवरांच्या तळावर त्या भरधाव पळविल्या. १९५५ साली शेव्हरोलेचे आटोपशीर व्ही-८ आले, तेव्हा त्याच फोर्ड गाड्यांतून फोर्डचे इंजिन उतरू लागले. आपल्याकडे पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलेले लोक आहेतच, पण त्यांची दृष्टी वेगावर नव्हती, पैशावर होती.

आता आकड्यांकडे वळू, कारण येथे भल्याभल्यांची फसगत होते. त्या जीटीओचे साधे इंजिन ३२५ अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. १९९७ साली कॉर्व्हेट गाडीतून आलेले एलएस-१, आजच्या इंजिनबदलाचा मूळपुरुष, ३४५ अश्वशक्तीचे. तेहतीस वर्षांची कमाई फक्त वीस? तसे नाही. १९७२च्या आधी अमेरिकन कारखाने पंखा, हवेची गाळणी, गाडीचा सायलेन्सर यांतले काहीही न लावता उघडे इंजिन मोजीत, पुढे सर्व साजासह मोजू लागले. जुना आकडा म्हणजे गाडीला न जुंपलेल्या बैलाची धाव, नवा म्हणजे जुंपलेल्याची. शिवाय जुने इंजिन सुमारे ६.४ लिटरचे आणि बिडाचे, नवे ५.७ लिटरचे आणि अॅल्युमिनियमचे.

जुन्याचा पक्ष धरणाऱ्यांची दुसरी अडचण पेट्रोलची. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर वाढली. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरील गाड्यांसाठी त्याची विक्री बंद झाली. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज होत नसे. आता तेथे कठीण धातूच्या बैठकी बसवून घेतात. मूळचे म्हणून जपलेले इंजिनही आतून पुरते मूळचे राहत नाही, ते असे.

नव्याचा मार्गही सोपा नाही. संगणक हवा, तारांचे जाळे हवे, जोरदार दाबाचा इंधनपंप हवा, तेलाचे पात्र खालच्या आडव्या दांडीला अडते. त्यापायी मूळ पत्रा कापला, की तो पुन्हा येत नाही.

माझा कौल एका बारीकशा गोष्टीवर ठरतो. जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली ती १९६६ मध्ये. त्यापूर्वीच्या गाडीचा नंबर ती जीटीओ आहे की साधी टेम्पेस्ट, हे सांगतच नाही. साक्ष देतात ती कारखान्याची कागदपत्रे आणि इंजिनावर ठोकलेली चिन्हे. ज्या गाडीत ती साक्ष शाबूत आहे ती दप्तरासारखी समजावी, तिचे इंजिन हलवू नये. पण ज्या गाडीचे इंजिन केव्हाच भंगारात गेले, तिच्यात दुसरे कुठले तरी जुने बसवून, त्यावर हवे ते अंक ठोकून ती ‘अस्सल’ म्हणून विकणारे निघतात. ते निव्वळ खोटे दप्तर. त्यापेक्षा उघड उघड एलएस बसविणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

२००४ साली पाँटिअॅकने जीटीओ हे नाव पुन्हा बाजारात आणले. गाडी ऑस्ट्रेलियात बांधलेली होती आणि बॉनेटखाली पाँटिअॅकचे स्वतःचे इंजिन नव्हते. तेथे एलएस-१च होते. २०१० मध्ये पाँटिअॅक हा विभागच बंद झाला.