नाळेतील रक्त नेमके कोणाच्या उपयोगाचे?

बाळाची वार व नाळ जमिनीत पुरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. रुग्णालयांत मात्र ती वर्षानुवर्षे कचऱ्यात जात असे. नाळ कापल्यावर तिच्यात व वारेत थोडे रक्त उरते आणि त्यात रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी निर्माण करू शकणाऱ्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात.

त्यांचे सामर्थ्य १९८८ मध्ये सिद्ध झाले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक विकाराने ग्रासलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. मुलगा बरा झाला. तेव्हापासून ल्युकेमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत या मूलपेशींचा वापर होत आला आहे. हे रक्त घेताना माता वा बाळ यांना वेदना होत नाहीत. शिवाय दाता व रुग्ण यांची जुळणी अस्थिमज्जेइतकी काटेकोर असावी लागत नाही. उणीव एवढीच, आणि ती लहान नव्हे, की एका नाळेतील पेशी प्रौढ रुग्णाला बहुधा अपुऱ्या पडतात व नवे रक्त तयार होण्यास अधिक दिवस लागतात.

खासगी पेढ्यांच्या जाहिरातींत हे रक्त बाळाचाच ‘जैविक विमा’ ठरते. येथे खरी गफलत आहे. थॅलेसेमियाचा दोष जनुकांतच असल्याने तो बाळाच्या स्वतःच्या मूलपेशींतही असतोच. उणे १९६ अंश तापमानात साठवल्याने तो नाहीसा होत नाही. पॅरिसच्या मुलालाही वाचवले ते बहिणीच्या रक्ताने. स्वमग्नता किंवा मधुमेह यांवरील उपयोग अद्याप सिद्ध झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, स्वतःच्या भावी उपयोगासाठी असा साठा करण्यास शास्त्रीय आधार नाही. घरातील मोठ्या भावंडाला मूलपेशींनी बरा होणारा आजार असेल, तर गोष्ट निराळी. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते.

आणखी एक बाब प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावी. नाळ किमान एक मिनिट उशिरा कापावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्या अवधीत वारेतील रक्त बाळाच्या शरीरात उतरते व त्याच्या लोहाचा साठा वाढतो. पिशवी भरण्यासाठी ही प्रतीक्षा आखडती घेऊ नये.