कळसूत्र
कळसूत्र : दोरी, दांडा, खटका किंवा स्प्रिंग यांच्या योगाने चालणारी, परंतु चालविणारी शक्ती पाहणाऱ्यास सहसा न दिसणारी चमत्कृतिपूर्ण यांत्रिक योजना. ‘कळ’ व ‘सूत्र’ या दोन शब्दांचा हा समास आहे.

‘कळ’ हा शब्द संस्कृत ‘कला’ (कौशल्य) या शब्दावरून आला. प्रथम कौशल्य, मग कौशल्याने केलेली वस्तू आणि शेवटी त्या वस्तूस गती देणारा भाग, असा त्याचा अर्थविकास दिसतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) त्याचा यंत्र हा अर्थ नोंदलेला आहे. यंत्रावर पाडलेल्या रुपयास ‘कळदार’ म्हणत. भांडण या अर्थाचा ‘कळ’ हा शब्द मात्र याहून वेगळा आहे.

चमत्कृतिजन्य यंत्रांची परंपरा भारतात जुनी आहे. भोजाच्या समरांगणसूत्रधार (अकरावे शतक) या ग्रंथातील यंत्रविधान या अध्यायात लाकडी पक्षी, द्वारपालाचे काम करणारा पुतळा इत्यादींचे वर्णन आढळते. ज्ञानेश्वरीत (१२९०) सूत्राने हालणाऱ्या बाहुल्याचा दृष्टांत येतो. तेथे त्यास ‘साइखडे’ हा जुना शब्द आहे.

आज हा शब्द मुख्यतः ‘कळसूत्री बाहुली’ या प्रयोगात उरला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या व चित्रकथी या तिन्ही कला जपल्या. त्यांस सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभला होता. रामायण-महाभारतातील कथा हे त्यांचे मुख्य विषय होत. करमणुकीची नवी साधने आल्यावर या कलांना उतरती कळा लागली. त्यांच्या जतनाबद्दल परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

लाक्षणिक अर्थाने ‘कळसूत्री’ म्हणजे दुसऱ्याच्या तंत्राने वागणारा, स्वत्वहीन. या अर्थात लक्ष बाहुलीच्या पराधीनतेकडे असते. पिंगुळीच्या लाकडी बाहुलीत मात्र चाक नाही की खटका नाही. मस्तक व हात यांना बांधलेले दोरे आणि ते खेचणारी बोटे एवढेच तिचे यंत्र होय. त्यामुळे ‘कळ’ शब्दाचा कौशल्य हा मूळ अर्थ तेथे यंत्रार्थाबरोबर टिकून राहिला आहे.