आधी लायकी की आधी अधिकार?

स्त्रियांच्या मताधिकारावर बोलायचं म्हणजे सुरुवात लंडनपासून व्हायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज आपण ती इथल्या स्वतंत्रपूरपासून करू.

1939 साली आटपाडी औंध संस्थानात होती. त्या वर्षी इथं कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. मॉरिस फ्रिडमन यांची ही कल्पना बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उचलून धरली. पुढं 1957 मध्ये गदिमांच्या कथेवरून 'दो आँखें बारह हाथ' आला, हे आटपाडीकरांना सांगायला नको. आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना यात एक प्रश्न दिसतो. माणूस लायक ठरल्यावर विश्वास टाकायचा, की विश्वास टाकल्यावर माणूस लायक होतो? स्त्रियांची कैद्यांशी तुलना आम्ही करत नाही. तुलना आहे ती दाराची किल्ली हातात असणाऱ्यांची.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटलं आणि मताचा हक्क मागितला. साउथबरो समितीनं तो नाकारला. समाज अजून तयार नाही, हे कारण. 1919 मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या. तरी पार्लमेंटनं निर्णय इथल्या कायदेमंडळांवर सोपवला.

आता गंमत पाहा. याच सुमारास, 1920 मध्ये, पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला होता. सक्ती मुलग्यांपुरती ठेवावी, मुलींचं पुढं बघू, पैसा कुठून आणायचा, असं वजनदार पुढारी म्हणत होते. रमाबाई रानडे स्त्रियांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. म्हणजे शिकलेली नाही म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून तिच्या शाळेचा खर्च कुणाला निकडीचा वाटत नाही. तर्कशास्त्रात याला चक्रापत्ती म्हणतात. रमाबाईंनी शाळा आणि मत, दोन्हींसाठी झगडून हे चक्र दोन्ही बाजूंनी धरलं.

1921 मध्ये मुंबई कायदेमंडळानं स्त्री म्हणून असलेली बंदी उठवली. पण मालमत्तेची अट राहिली. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्या बाहेरच. 1935 च्या कायद्यानं वाट थोडी रुंद केली. साक्षर स्त्रीला मत मिळालं. मालमत्ताधारकाच्या बायकोलाही मिळालं, म्हणजे नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोची लायकी ठरली! आणि तेही ब्रिटिश मुलखात. आटपाडी संस्थानात असल्यानं 1937 च्या प्रांतिक निवडणुकीशी इथल्या बायकांचा संबंधच नव्हता.

मग राज्यघटनेनं तो जुना प्रश्नच मोडीत काढला. शिक्षण, जमीन, नवरा, काही विचारलं नाही. वय झालं की मत. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना देशपातळीवर मत मिळायला 1971 उजाडलं, हे लक्षात घ्या.

तरी पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना एक अडचण आली. उत्तर आणि मध्य भारतातल्या पुष्कळ बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही आणि सुमारे 28 लाख नावं गळाली. नुकसान मोठं झालं, पण दंडक पडला: मत हवं तर नाव हवं. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा आहे. बाईला स्वतःचं नाव उच्चारायला लावलं ते मतदारयादीनं.

पुढचा टप्पा खुर्चीचा. महाराष्ट्रानं 1990 मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना 30 टक्के जागा दिल्या. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून देशभरच्या पंचायतींत किमान एक तृतीयांश आल्या, आणि 2011 मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. लगेच जुनाच सूर लागला: बाई नावाला, कारभार नवऱ्याचा. हे खोटं नाही. सहीपुरत्या सरपंच आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण म्हणून खुर्ची काढून घ्यायची, की नवऱ्याला ग्रामपंचायतीबाहेर बसवायचं? आमचं मत दुसऱ्या बाजूला आहे.

आपल्या राज्यात बायका एकत्र येऊन गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागू शकतात. उभी बाटली की आडवी बाटली? अनेक गावांत त्यांनी ती आडवी केली. त्यांना आधी कुणी राज्यशास्त्र शिकवलं नव्हतं. दारूनं घरात काय होतं, एवढं मात्र त्या कुणाहीपेक्षा जास्त जाणत होत्या.

विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागांची तरतूद 2023 मध्ये झाली, पण तिला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट जोडून. 'थांबा, अजून वेळ आहे' हे वाक्य शंभर वर्षांत म्हातारं झालं नाही. म्हणून एवढंच सांगून थांबतो: कुणी म्हणालं की हिची अजून तयारी नाही, तर आपण विचारायचं, तयारी व्हायला तुम्ही दार कधी उघडलंत?